शुगरची गोळी किडनीसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किडनीच्या ओपीडीत हा प्रसंग नेहमीचा. रुग्ण चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जातो, काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "काका, ही तर शुगरची गोळी आहे." ज्यांना डायबेटीस नाही ते घाबरून परत येतात. ज्यांना आहे ते म्हणतात, "माझी शुगर तर कंट्रोलमध्ये आहे, मग आणखी एक कशाला?" आणि गोळी घेतच नाहीत. दोष त्यांचा नाही. ही गोळी का दिली हे सांगायला दहा मिनिटं लागतात आणि गर्दीत ती दहा मिनिटं आम्ही देत नाही. ती इथे देतो आहे. गोळी सुरू करणं, बंद करणं, डोस बदलणं मात्र तुमची फाईल ज्यांच्याकडे आहे त्या डॉक्टरांना विचारूनच.

नेमक्या कोणत्या औषधांबद्दल हे चाललं आहे?

मुख्यतः एका घराण्याबद्दल. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही त्यातली नावं. ब्रँडचं नाव काहीही असो, स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेल्या मूळ औषधाच्या नावाचा शेवट 'ग्लिफ्लोझिन' असा असेल तर ती ही गोळी. याच घराण्यातलं रेमोग्लिफ्लोझिन भारतात मिळतं, शुगर तेही उतरवतं, पण किडनी वाचते का हे पाहणारा मोठा अभ्यास त्याच्यामागे नाही. म्हणून किडनीसाठी मी ते लिहीत नाही.

दुसरं औषध सेमाग्लुटाइड, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन. त्याबद्दल पुढे.

मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, सिटाग्लिप्टिन ही रोजची मंडळी शुगर उतरवतात आणि शुगर ताब्यात राहिली की किडनीला फायदा होतोच. पण शुगरपलीकडे जाऊन किडनीला वेगळं संरक्षण मिळतं, असा पुरावा त्यांच्याबाबत नाही. लिनाग्लिप्टिनचा तर खास किडनी डोळ्यासमोर ठेवून अभ्यास झाला. निष्कर्ष असा की किडनीला त्रास नाही आणि जादा फायदाही नाही.

शुगरची गोळी किडनीला वाचवते कशी?

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात. त्या पाण्यासोबत जवळजवळ १८० ग्रॅम साखरही गाळली जाते. एवढी साखर लघवीतून जाऊ द्यायला शरीर तयार नसतं, म्हणून गाळणीच्या पुढच्या नलिकेत ती परत रक्तात ओढली जाते. हे काम करणारा मुख्य दरवाजा सुमारे ९० टक्के साखर परत घेतो, आणि साखरेच्या हाताला धरून मीठही आत येतं. ग्लिफ्लोझिन हा दरवाजा अर्धवट लावून घेतं. साखर लघवीतून जाते, शुगर उतरते. इथपर्यंत ही डायबेटीसचीच गोळी.

खरी गंमत मिठाची आहे. किडनीत पुढे एक चौकी असते, ती आपल्यापर्यंत किती मीठ पोचलं ते मोजते. डायबेटीसमध्ये मीठ आधीच ओढून घेतलं गेल्यामुळे चौकीला वाटतं की वरून पाणीच कमी येतंय, आणि ती गाळणीत येणारी रक्तवाहिनी सैल सोडते. गाळणीवरचा दाब वाढतो. ठिबकची मोटर जोरात सोडली की पहिल्या दिवशी शेत छान भिजतं, पण आठ दिवसांत नळ्या फाटायला लागतात, तसंच. सुरुवातीची काही वर्षं किडनी वाजवीपेक्षा जास्त काम करते, रिपोर्ट झकास येतात, आणि आत गाळण्या फाटत असतात. फाटल्या की लघवीत प्रथिनं उतरतात. गोळीमुळे चौकीपर्यंत मीठ पोचतं, वाहिनी थोडी आवळली जाते, दाब उतरतो.

औषधाच्या मुळाशी आहे सफरचंदाचं झाड. त्याच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा पदार्थ युरोपात १८३५ मध्ये वेगळा काढला गेला. तो दिला की लघवीत साखर उतरते हे एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. लघवी गोड होणं हा आजार म्हणून आपण ज्याला 'मधुमेह' नाव दिलं, तीच गोष्ट मुद्दाम घडवून आणून पुढे औषध झालं!

हे सिद्ध झालंय का, की नवीन औषध खपवायचं आहे?

संशय रास्त आहे. औषध कंपन्यांचा पैसा या अभ्यासांमध्ये आहेच. पण हकीगत ऐका.

डायबेटीसच्या नव्या औषधांनी हृदयाला धोका होत नाही हे दाखवा, अशी अट अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ मध्ये घातली. त्या अटीपोटी एम्पाग्लिफ्लोझिनचा सात हजारांवर रुग्णांमध्ये अभ्यास झाला. २०१५ मध्ये निकाल आला तेव्हा धोका नाही एवढंच नव्हे, तर हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी दिसले. पाठोपाठ किडनीचे आकडेही चांगले निघाले. शोधायला गेलो एक आणि हाती लागलं दुसरंच.

मग खास किडनीसाठी अभ्यास सुरू झाले. २०१९ चा क्रिडेन्स अभ्यास कॅनाग्लिफ्लोझिनचा: ४४०१ रुग्ण, सगळ्यांना टाइप २ डायबेटीस आणि लघवीत भरपूर प्रथिनं. किडनी निकामी होणं, क्रिएटिनिन (किडनीचं काम घटलं की रक्तात साठणारा कचरा) दुप्पट होणं किंवा किडनी वा हृदयाच्या कारणाने मृत्यू, हे सगळं मिळून ३० टक्क्यांनी घटलं. २०२० चा डापा-सीकेडी अभ्यास २१ देशांत झाला, त्यात भारतही होता. ४३०४ रुग्ण, आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना डायबेटीस नव्हताच. तिथे घट ३९ टक्के. टक्केवारीने माणूस भुलतो, म्हणून साध्या आकड्यांत सांगतो: सुमारे अडीच वर्षांत नुसतं नेहमीचं औषध घेणाऱ्या १०० पैकी १४-१५ जणांवर ही वेळ आली, गोळी घेणाऱ्यांपैकी ९ जणांवर. म्हणजे १९ जणांनी गोळी घेतली की एकाचं मोठं संकट टळतं. बाकीच्या अठरांना काही जाणवत नाही. हे दोन्ही अभ्यास फायदा स्पष्ट दिसल्यामुळे मुदतीआधी थांबवले गेले. पुढे २०२२ च्या अखेरीस एम्पा-किडनी अभ्यासाचा निकाल आला: ६६०९ रुग्ण, निम्म्याहून जास्त डायबेटीस नसलेले, घट २८ टक्के.

तीन वेगवेगळी औषधं, तीन मोठे अभ्यास, एकाच दिशेचे निकाल. किडनीच्या आजारात असं फार क्वचित घडतं. यापूर्वीची अशी बातमी २००१ ची होती, लोसार्टन आणि इर्बेसार्टन या बीपीच्या गोळ्यांची. मधली जवळजवळ वीस वर्षं आमच्या हातात नवीन काही नव्हतं.

मला डायबेटीस नाही. गोळी घेतल्यावर शुगर एकदम खाली जाईल का?

नाही. ही गोळी गाळली गेलेली साखरच बाहेर सोडते. रक्तात साखर कमी असली की लघवीत जाणारीही कमी, आणि यकृत लागेल तेवढी साखर तयार करत राहतं. म्हणून एकट्या या गोळीने चक्कर येण्याइतकी शुगर उतरत नाही.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांची शुगर आधीच काठावर असेल तर ग्लिफ्लोझिन सुरू करताना दुसऱ्या औषधाचा डोस कमी करावा लागू शकतो. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही. का ते पुढे येईल.

गोळी सुरू केली आणि महिन्याने क्रिएटिनिन वाढलं! बंद करू ना?

या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच. चांगली चाललेली गोळी सगळ्यात जास्त वेळा इथेच बंद पडते.

वर दाबाची गोष्ट सांगितली ती आठवा. दाब उतरला की गाळण्याचा वेगही थोडा उतरणारच. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर (गाळण्याच्या वेगाचा आकडा) थोडा कमी होणं आणि क्रिएटिनिन थोडं चढणं हे औषध काम करत असल्याचं लक्षण आहे. रिपोर्टवर तो आकडा लाल किंवा ठळक छापून येतो, सोबतचा मुलगा गूगल करतो, आणि रात्रीपासून गोळी बंद.

क्रिडेन्सचे आकडे पाहा. पहिल्या तीन आठवड्यांत गोळी घेणाऱ्यांचा ईजीएफआर सरासरी ३.७ ने उतरला, दुसऱ्या गटाचा जेमतेम ०.५५ ने. इथे कुणी अभ्यास सोडून घरी गेलं असतं तर म्हणालं असतं, औषधाने किडनी बिघडते. पण त्यानंतर गोळीवाल्यांची घसरण वर्षाला १.८५ आणि दुसऱ्यांची ४.५९. आता कागद-पेन्सिल घ्या. दोन माणसं, दोघांचा ईजीएफआर आज ४५. या वेगाने चालले तर गोळी न घेणारा १५ वर पोचतो सुमारे साडेसहा वर्षांत. गोळी घेणारा, सुरुवातीची ती घसरण धरूनसुद्धा, सुमारे चौदा वर्षांत. हा हिशेब सरासरीचा आहे, कुणा एकाचं भविष्य नाही. पण पहिल्या महिन्यात गेलेले तीन-चार आकडे पुढे कसे फिटतात ते यावरून दिसतं.

मर्यादा आहे: घसरण मूळ आकड्याच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर थांबून कारण शोधायचं. जुलाब झाले होते का, लघवीची गोळी जास्त होते आहे का, दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

म्हणजे किडनी पूर्ववत होईल का?

नाही. फाटलेली गाळणी शिवली जात नाही. घसरण मंदावते. लघवीतली प्रथिनं कमी होतात, ते रिपोर्टमध्ये दिसतं. बाकी फायदा 'न घडलेल्या' गोष्टीचा असतो, आणि न झालेलं डायलिसिस कुणाला दिसत नाही. "गोळी घेऊन काहीच फरक पडला नाही" असं वर्षभराने कुणी सांगितलं आणि आकडे तेवढेच असले की मला आनंद होतो, त्यांना होत नाही.

कुठली तपासणी करायची? माझं क्रिएटिनिन नॉर्मल आहे, सोनोग्राफीही नॉर्मल.

क्रिएटिनिन फार आळशी आकडा आहे. किडनीचं काम निम्म्यावर येईपर्यंत तो नॉर्मलच्या चौकटीत बसून राहू शकतो. सोनोग्राफी आकार आणि खडे दाखवते, गाळणीची गळती नाही.

दोन गोष्टी लागतात. एक, क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढलेला ईजीएफआर. हल्ली बऱ्याच लॅब तो रिपोर्टवर आपणहून छापतात. दुसरी, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, बोलीत 'एसीआर'. थोडीशी लघवी, शक्यतो सकाळची पहिली. ३० च्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली, ३०० च्या वर म्हणजे बरीच. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीची दमछाक यांनी आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून एका रिपोर्टवर निर्णय नाही. तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा पाहायचं.

डायबेटीस असलेल्या प्रत्येकाची एसीआर वर्षातून एकदा झालीच पाहिजे. ज्यांच्या फाईलमध्ये पन्नास एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) आहेत आणि एसीआर एकही नाही, अशी माणसं मला अजून भेटतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटीस आहे. त्यातल्या किती जणांनी ही लघवी दिली असेल, कल्पना करा. लघवीला फेस येईपर्यंत थांबायचं नसतं.

कुणी घेऊ नये?

टाइप १ डायबेटीस असलेल्यांनी किडनीसाठी ही गोळी घेऊ नये. पूर्वी कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं, त्याबद्दल पुढे) झालेल्यांनी नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी नाही. अनुवंशिक गाठींचा किडनीचा आजार असणारे वरच्या अभ्यासांमध्ये घेतलेलेच नव्हते, त्यामुळे त्यांना तो पुरावा लागू होत नाही. किडनी बदललेल्यांनी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांखेरीज कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नये. ईजीएफआर २० च्या खाली असेल तर सहसा नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल आणि पुढे २० च्या खाली गेला, तर डायलिसिसची वेळ येईपर्यंत चालू ठेवता येते.

उलट बाजूचा एक गैरसमज: ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की या गोळीने शुगर फारशी उतरत नाही. ते खरं आहे. त्यावरून "आता उपयोग नाही" म्हणून ती बंद केली जाते, आणि ते चूक आहे. शुगरचा परिणाम ओसरला तरी किडनीचं संरक्षण चालूच असतं.

त्रास काय होतो?

सर्वात जास्त होणारा त्रास म्हणजे लघवीच्या जागी खाज आणि बुरशी. साखर बाहेर जाते, ओलसर जागी बुरशीला आयतं खाद्य मिळतं. बायकांना जास्त, पण पुरुषांनाही पुढच्या कातडीखाली होतो. हे डॉक्टरसमोर बोललं जात नाही. बाई सुनेसोबत किंवा मुलासोबत आलेली असते, "काही नाही" म्हणते, आणि घरी जाऊन गोळी बंद करते. उपाय साधा आहे: लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडं करणं, सुती कपडे, आणि खाज सुरू झालीच तर मलम किंवा एखादी गोळी. बहुतेकांना ग्लिफ्लोझिन बंद करावं लागत नाही. पण त्या भागात सूज, लाली, खूप दुखणं आणि ताप आला तर घरी थांबू नका. फार क्वचित तिथे गंभीर जंतुसंसर्ग पसरतो.

लघवी थोडी जास्त होते, बीपी थोडं उतरतं. बाहेर सोय नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या बायका आपल्याकडे खूप आहेत. त्यांनी हे आधीच सांगावं.

पाय कापावा लागण्याची भीती कॅनाग्लिफ्लोझिनच्या २०१७ च्या एका अभ्यासातून आली. क्रिडेन्समध्ये ते दिसलं नाही आणि अमेरिकेत त्या औषधावरची ठळक चौकटीतली सूचना २०२० मध्ये काढण्यात आली. तरी डायबेटीस आहे म्हटल्यावर पाय रोज पाहायचेच, गोळी असो वा नसो.

कीटोअ‍ॅसिडोसिस काय प्रकार आहे?

शरीराला साखर वापरता आली नाही की ते चरबी जाळतं आणि रक्तात आम्ल साठतं. एरवी हे होतं तेव्हा शुगर चारशे-पाचशे असते, म्हणून लगेच ओळखू येतं. या गोळीवर असताना शुगर दोनशेच्या आसपास किंवा त्याहून कमी असतानाही होऊ शकतं. ग्लुकोमीटर पाहून घरचे निर्धास्त राहतात आणि तिथेच घात होतो. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप, भयंकर थकवा असेल तर कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हे सांगा: "मी ग्लिफ्लोझिन घेतो, रक्तातले कीटोन तपासा." क्वचितच घडतं, पण घडतं ते ठरावीक वेळी: उपाशी असताना, जुलाब-उलट्यांत, ऑपरेशनच्या सुमारास, जास्त दारू घेतल्यावर, किंवा इन्सुलिन अचानक बंद केल्यावर.

उपवास, वारी, उन्हाळा. गोळी चालू ठेवायची का?

नियम एकच: पोटात अन्न-पाणी नीट जात नसेल त्या दिवशी ही गोळी नाही.

चतुर्थीला संध्याकाळपर्यंत थांबून पण मध्ये पाणी, फळं, ताक घेणारी माणसं बहुधा ठीक राहतात. हरतालिकेचा निर्जळी उपवास मात्र या गोळीसोबत करू नये. करायचाच हट्ट असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच थांबवा. नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर किंवा दोन लवंगांवर राहणारे लोक आहेत. त्यांच्यासाठी उत्तर स्पष्ट 'नको' असंच आहे. वजन उतरवायला भात-पोळी-भाकरी पूर्ण सोडणाऱ्यांसाठीही तेच.

वारीत चालणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना भेटावं. पालखीच्या वाटेवर खाण्याचे हाल होत नाहीत, पण पाणी बदलतं, जुलाब लागतात, आणि मुक्कामी पाय दुखतात म्हणून कुणीतरी डायक्लोफिनॅक देतं. अंगातलं पाणी कमी, ग्लिफ्लोझिन, बीपीची गोळी आणि वर दुखण्याची गोळी: या चौघांची गाठ पडली की दोन दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट होऊ शकतं. विदर्भात मे महिन्यात शेतावर काम करणाऱ्यांनाही हेच लागू.

जुलाब, उलट्या किंवा जोराचा ताप असेल तर ग्लिफ्लोझिन थांबवा. मेटफॉर्मिन, लोसार्टन-टेल्मिसार्टन, लघवीची गोळी यांचं काय करायचं ते त्याच दिवशी फोन करून विचारा. खाणं-पिणं पूर्ववत होऊन एक-दोन दिवस गेले की पुन्हा सुरू. हे 'पुन्हा सुरू' लोक विसरतात. आजारपणात बंद केलेली गोळी सहा महिन्यांनी बंदच सापडते.

ऑपरेशन ठरलं आहे.

डापा, एम्पा, कॅना यांपैकी काहीही असेल तर ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद. भूलतज्ज्ञांना स्ट्रिप दाखवा. 'शुगरची गोळी' एवढंच सांगू नका.

माझ्या गोळीत मेटफॉर्मिनही आहे. चालेल?

हा आपल्याकडचा खास घोळ. एका गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतात, स्वस्त पडतात, लक्षात ठेवायला सोपी. पण त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली डोसची. डापा आणि एम्पाचे किडनीचे अभ्यास रोज १० मिलिग्रॅमवर झाले. जोडगोळीत डापाग्लिफ्लोझिन कधी ५ असतं. दिवसातून दोनदा असेल तर हिशेब जुळतो, एकदाच असेल तर विचारा.

दुसरी जास्त महत्त्वाची. मेटफॉर्मिनचा डोस ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यावर कमी करतात आणि ३० च्या खाली बंद करतात. तेव्हा "ही गोळी आता बंद" असं सांगितलं जातं आणि तिच्यासोबत ग्लिफ्लोझिनही जातं. म्हणजे किडनीला त्याची सर्वात जास्त गरज असताना नेमकं तेच काढून घेतलं. अशा वेळी डॉक्टरांना विचारा: मेटफॉर्मिन बंद झालं, मग दुसरं औषध वेगळं लिहून देणार का?

आणि ते आठवड्याचं इंजेक्शन? वजन उतरवण्याचंच ना ते?

तेच, सेमाग्लुटाइड. २०२४ मध्ये फ्लो नावाच्या अभ्यासाचा निकाल आला: टाइप २ डायबेटीस आणि किडनीचा आजार असलेले ३५३३ रुग्ण, आठवड्याला १ मिलिग्रॅम. किडनीचे मोठे बिघाड आणि किडनी-हृदयाच्या कारणाने होणारे मृत्यू मिळून २४ टक्क्यांनी कमी. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये त्याला किडनीसाठी मान्यता मिळाली. हा पुरावा डायबेटीस असलेल्यांपुरताच आहे, हे लक्षात ठेवा.

सुरुवात पाव मिलिग्रॅमने करून हळूहळू वाढवतात, कारण मळमळ आणि उलट्या होतात. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की किडनीलाच त्रास. डोळ्यांच्या पडद्याचा डायबेटीसचा आजार असेल तर आधी डोळे तपासून घ्या. वजन जास्त असलेल्या, शुगर ताब्यात न येणाऱ्या रुग्णाला हे उत्तम. आधीच हडकलेल्या, भूक मेलेल्या सत्तरीच्या आजोबांना मी ते सहसा देणार नाही.

बीपीची गोळी बंद करून ही घेतली तर?

बिलकुल नाही. वरच्या अभ्यासांत बहुतेक रुग्ण लोसार्टन किंवा रामिप्रिल गटातली गोळी घेतच होते, आणि जो फायदा दिसला तो तिच्यावरचा जादाचा. पाया तोच. त्यावर ग्लिफ्लोझिन. मग गरजेप्रमाणे सेमाग्लुटाइड, किंवा फिनेरेनोन नावाची आणखी एक गोळी. फिनेरेनोन शुगरचं औषध नाही, पण डायबेटीसमुळे झालेल्या किडनीच्या आजारात तिचा फायदा २०२० मध्ये दिसला. तिच्यामुळे पोटॅशियम चढतं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. ज्यांचं पोटॅशियम वरच्या काठावर आहे त्यांनी शहाळ्याचं पाणी पिऊ नये. भेटायला येणारे प्रेमाने शहाळीच घेऊन येतात, त्याला इलाज नाही.

किडनी साफ करणारा काढा सोबत घेतला तर चालेल?

मला त्यातले घटक कळत नाहीत आणि बाटलीवर ते लिहिलेले नसतात. बिननावाच्या पुड्या, भस्मं आणि गुडघेदुखीच्या गोळ्या यांनी वाया गेलेल्या किडन्या मी इतक्या पाहिल्या आहेत, की या प्रश्नावर माझं तोंड लगेच वाकडं होतं. काय घेता ते लपवू नका, एवढंच.

लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर चार प्लस आली!

येणारच. गोळी घेताय याची ती पावती आहे. लघवीतल्या साखरेवरून आता शुगरचा अंदाज बांधायचा नाही. न्हाणीघरात मुंग्या दिसल्या तरी घाबरू नका.

खर्च किती?

डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. दोन्हींच्या किमती त्यानंतर बऱ्याच उतरल्या, आणि तरीही एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या किमतींत अनेक पटींचा फरक असतो. चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव लिहून मागा, मग जनऔषधी केंद्रात आणि दोन दुकानांत भाव विचारा. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतची.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, रोजच्या गोळ्या बसत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनवर बसायचा खर्च सरकार उचलतं, आणि ते लांबवणारी गोळी खिशातून. याबद्दल मला बरंच म्हणायचं आहे, पण ते इथे नको.

गोळी सकाळी घ्यायची की रात्री? एखादा दिवस चुकली तर?

सकाळी, म्हणजे जादा लघवी दिवसा होईल आणि रात्रीची झोप मोडणार नाही. जेवणाआधी की नंतर याने फरक पडत नाही. चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीची एकच, दोन नाही.